चिनी ज्येष्ठ आधार मंडळ, मुशेरिब

"माणसानं माणसाला आधार द्यावा, यापरता दुसरा धर्म या पृथ्वीतलावर नाही!" पोपटरावांनी मंडळाच्या पहिल्याच सभेत छाती पुढे काढून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर पोपटरावांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "आता बोला. आधार द्यायचा कुणाला?"

तिथंच गाडं अडलं. एकोणऐंशी सालचं दोहा ते. खोलीत बसलेले सगळे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर. हातपाय धड, पगार वेळेवर, बायकापोरं गावाकडे सुखरूप. आधार द्यावा असा एकही गरजू सापडेना. महिपतीनं आपली कंबर धरते असं सांगून पाहिलं. पण तीच कंबर घेऊन तो दर शुक्रवारी व्हॉलीबॉल खेळतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शेवटी पिकअप चालवणारा संपत चाचरत म्हणाला, "आपल्या मागच्या गल्लीत ते चिनी म्हातारा-म्हातारी हायेत की."

पोपटरावांचे डोळे चमकले. "किती आहेत?"

"दोघंच."

"पुरे झाले," अध्यक्ष म्हणाले, आणि दोन म्हाताऱ्या माणसांसाठी नऊ पदाधिकाऱ्यांचं मंडळ एकमतानं कामाला लागलं. सेक्रेटरीपद संपतच्या गळ्यात पडलं, कारण गाडी त्याच्याकडे होती.

फोंगकाका पूर्वी वाळवंटातल्या तेल कंपनीच्या छावणीत आचारी होते. छावणी उठली तरी नवरा-बायको मुशेरिब मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत राहून गेले. मूलबाळ नव्हतं. भटारखान्यातल्या मुंबईकर मदतनिसाकडून काका हिंदी शिकले आणि काकांकडून मावशी शिकल्या, त्यामुळे ती हिंदी दोनदा धुतलेल्या सदऱ्यासारखी थोडी आटलेली होती. पण काम भागायचं.

गल्ली मात्र आता थोड्या दिवसांची सोबती होती. बलदियानं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, जुनी मातीची घरं पाडून मोठा रस्ता काढायला घेतला होता. सकाळी कामावर जाताना पाहिलेलं घर संध्याकाळी दिसेलच याचा भरवसा नव्हता. धूळ इतकी, की फोंगकाकांचा दमा उसळला. संपत त्यांना पिकअपमधून दवाखान्यात न्यायचा. शेजारी बसून काका खोकायला लागले, की संपतला आपल्या इंजिनातच काही बिघडलंय असं वाटून तो गाडी हळू करायचा. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "आधी यांना त्या धुळीतून बाहेर काढा."

मंडळाची सेवा मोठ्या जोरात सुरू झाली. रोज संध्याकाळी दोघातिघांनी जायचं, पाणी भरायचं, दिवा-पंखा बघायचा, औषध आणून द्यायचं. पण काम उरकलं की फोंगमावशी सगळ्यांना चटईवर बसवायच्या आणि पुढ्यात भात, भाजी, आल्यात शिजवलेला हामूर मासा ठेवायच्या. आता ही सगळी पोरं 'ताटात एक शीत टाकशील तर याद राख' असल्या दमावर वाढलेली. म्हातारीनं एवढ्या मायेनं रांधलेलं टाकायचं कसं? पोरं ताट पुसून लख्ख करायची. मावशी लगेच पुन्हा वाढायच्या. ती पुन्हा लख्ख करायची. मावशींच्या कपाळावरची आठी वाढायची आणि डावही वाढायचा.

"मायेची भुकेली आहे बिचारी," पोपटराव परतताना पट्ट्याचं भोक बदलत म्हणायचे. "आपण नाही म्हणालो तर तिचं मन मोडेल. कार्यकर्त्यानं कच खाऊन चालत नाही." महिपतीनं तर मन मोडू नये म्हणून आपल्या पाळीशिवाय इतरांच्याही पाळ्या घ्यायला सुरुवात केली.

अशातच चांगली बातमी आली. फोंगकाकांच्या हातचं वर्षानुवर्षं जेवलेल्या एका अरब शेठनं हॉस्पिटलमागच्या नव्या इमारतीत तळमजल्याची खोली देऊ केली. भाडं नाही, धूळ नाही. फक्त शुक्रवारपर्यंत राहायला या, कारण खोलीवर दुसऱ्याचाही डोळा आहे, असा निरोप होता. संपत नाचतच मावशींकडे गेला.

"हम नहीं जाएगा," मावशी म्हणाल्या.

"काका का खाँसी देखो ना, मावशी!"

मावशींनी काकांकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण मान हललीच नाही. "नहीं जाएगा."

संपतनं दोन दिवस समजावलं. पोपटरावांनी येऊन हिंदीत भाषण केलं, त्यात 'वसुधैव कुटुंबकम्' होतं. मावशींनी त्यांना आणखी भात वाढला. गुरुवारी शेजारचं घर पडलं आणि काकांना श्वास घेता येईना, तेव्हा संपतचा धीर सुटला. तो पलीकडच्या रुकैयाभाभीकडे गेला. रुकैया रत्नागिरीकडची, नवरा कारकून. फोंगमावशींचं आणि तिचं रोज भिंतीवरून वाटी देणंघेणं चालायचं.

"भाभी, तुम्हीच विचारा. म्हातारी का हटून बसलीय?"

"विचारायचा काय हाय? मला म्हाईत हाय," रुकैया भाजी निवडत म्हणाली. "तुमच्यामुलं जात नाय ती."

"आमच्यामुळं?"

"मग? तिच्या माहेरची रीत हाय, भायानू. पाहुन्याचा पोट भरला की तो ताटात थोडा ठेवतो. ताट रिकामा केला म्हंजे अजून भूक हाय. आनि तुमी लोक ताट असा पुसता, की घासायची गरज नाय! ती मला रोज सांगते, ही इंडियाची पोरा उपाशी हायेत, कंपनी त्यांना खायला घालत नाय. मी गेली तर मरतील." रुकैयानं भाजीचं देठ फेकलं. "आधार मंडळ म्हने! ती तुमचा मंडळ चालवतेय दोन महिने."

संपतनं ही हकिगत मंडळापुढे मांडली तेव्हा बराच वेळ कुणी कुणाच्या पोटाकडे पाहिलं नाही.

"म्हणजे त्या बाईच्या हिशेबी गरजू आपण?" पोपटराव शेवटी म्हणाले.

"व्हय. आणि काकांचा जीव त्यात चाललाय," संपत म्हणाला. "उद्या शुक्रवार."

पोपटराव चिडले, मग खजील झाले आणि मग अध्यक्षांना शोभेल असा निर्णय त्यांनी दिला. उद्या दुपारी मावशींना मेसमध्ये जेवायला बोलवायचं. मटणाचा रस्सा, गावाकडून आलेल्या पिठाच्या भाकरी, भात. आणि मावशींच्या डोळ्यांदेखत प्रत्येकानं ताटात टाकायचं.

"मटण टाकायचं?" महिपतीचा आवाज चिरकला.

"मटण," पोपटराव म्हणाले. "भाताची चार शितं टाकून हे काम होणार नाही."

शुक्रवारी रुकैयाला सोबत घेऊन मावशी आल्या, काकांना भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः जेवायचं सोडून ताटांवर नजर ठेवून राहिल्या. एवढं शांत जेवण त्या खोलीत कधी झालं नव्हतं. रस्सा नेमका त्या दिवशी जमला होता. महिपतीचा हात शेवटच्या नळीकडे गेला तसा संपतनं मांडीखालून त्याला लाथ घातली. हात जड मनानं माघारी आला. पोपटरावांनी अर्धी भाकरी आणि दोन मोठे तुकडे बाजूला सारले, डोळे मिटले आणि ढेकर दिला. तो खोटा होता. पण त्यात जन्मभराचं वळण मोडल्याचं दुःख होतं.

मावशी उठल्या. एकेका ताटापाशी वाकून पाहत पंगतभर फिरल्या. काकांना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"पेट भर गया?" मावशींनी संपतला विचारलं.

"बहुत भर गया, मावशी. रोज भरता है."

मावशींनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मग कमरेची घराची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "खलास. अभी हम जाएगा." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

रुकैयानं दोघांना हाताला धरून बाहेर नेलं. बोचकी रुकैयाच्या मदतीनं, मावशींच्या नकळत, सकाळीच गाडीत चढवून ठेवली होती. मावशी तयार होतील असा संपतला विश्वास होता, किंवा तयार होऊन पुन्हा मन बदलतील ही भीती. तो गाडीची चावी घ्यायला आत वळला, तर पोपटराव उभे राहून बोलत होते.

"बंधूंनो, आज मंडळाच्या कार्याचं सोनं झालं. सेवा म्हणजे त्याग. तोंडापर्यंत आलेला घास ज्यानं दुसऱ्याच्या सुखासाठी सोडला, त्याचं नाव..." इथं ते थांबले, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"संपत, मावशी गाडीत बसली का रे? मग तेवढं माझं ताट इकडं सरकव."