कागदावरचा तारा

नवा तारा सापडला तर चष्मेवाल्याच्या पदरात काय पडणार होतं? जगाच्या यादीत नाव, आकाशनिरीक्षक मंडळात पहिली खुर्ची आणि "गच्चीवर जाऊन काय उजेड पाडता?" असं विचारणाऱ्या बायकोला कायमचं उत्तर. एका दूरच्या दीर्घिकेच्या ताज्या फोटोत त्याला नवा ठिपका दिसला होता. स्फोट होऊन मरणारा तारा असावा. पण कॅमेऱ्यातला दोष तारा म्हणून कळवला तर हसं होतं, म्हणून आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून खात्री करायची. आणि खात्री करणाऱ्याचंही नाव शोधाला लागायचं, हा मंडळाचा रिवाज.

मोठी दुर्बीण होती मेव्हण्याकडे. मेव्हणा बँकेत कॅशिअर, खोटी नोट नुसत्या नजरेनं पकडणारा. चष्मेवाल्यानं त्याला त्या जागेचा नकाशा काढून दिला आणि नवा ठिपका जुन्या ताऱ्यांत बेमालूम घुसवला. कागदावर नसलेलं काही दिसतं का, एवढंच बघायला सांगितलं.

मेव्हणा कागद घेऊन दुकानात आला. "दाजी, सगळे तारे कागदाबरहुकूम. नवीन काही नाही. मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे ठिपका खरा होता! चष्मेवाल्यानं कागद मागून घेतला, फाडला आणि एकट्याच्या नावानं शोध कळवून टाकला. वेधशाळेनं तो मान्य केला. मंडळात सगळ्यात जोरात टाळ्या मेव्हण्यानं वाजवल्या.

मग तो पुन्हा दुकानात आला. "डोळे तपासा, दाजी. तिथंच बघत होतो, तरी नाही दिसला. तो कागद आहे?"

"फेकला हो."

मेव्हण्यानं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधडा वाचली. "खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?"

चष्मेवाल्याची मान वर होईना. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"किंचित नंबर आलाय, दादा."

"वाटलंच. नशीब, तुम्ही घरचेच आहात."

चष्मेवाल्यानं फ्रेममध्ये साध्या काचा बसवल्या. मेव्हण्यानं दुर्बीण शाळेला देऊन टाकली. एखादी खोटी नोट नजरेतून सुटेल या धास्तीनं कॅशचा काउंटरही सोडला. आता जुन्या फायलींच्या खोलीत बसतो.

यादीत नाव एकच आहे. बायको गच्चीच्या नावानं टोमणे मारत नाही, कारण चष्मेवाला वर जातच नाही. बाकी सगळं मेव्हण्याच्या खात्यात: दुर्बीण गेली, काउंटर गेला आणि नको नको म्हणत असताना चष्म्याचे पैसेही त्यानंच दिले.