बुबुळाचा नकाशा

माझ्या लेकीच्या ताटाकडे बघितल्याशिवाय वन्संच्या घशाखाली घास उतरत नसे. "आणखी वाढून घेतेस? उद्या दारातून आत येशील ना गं?" त्यांची स्वतःची मुलगी काडीसारखी, तिचं कौतुक मात्र तोंड दुखेपर्यंत. पहाटेच्या जपासारखाच आवाज न चढवण्याचाही माझा नेम आहे.

लेकीला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं तेव्हा वन्संही दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकासारखा पुढे आलाय. "घरात कुणाला आहे?"

"आमच्यात? छे!" वन्सं म्हणाल्या. "हे सगळं चरबीचं. वहिनीच्या माहेरची देणगी."

"वजनाने भर पडत असेलही," बाई म्हणाल्या, "पण पुष्कळदा मूळ रक्तात असतं. आधी कळलं असतं तर किरण देऊन थांबवता आलं असतं. या डोळ्याला उशीर झालाय."

महिन्याभराने वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. सकाळी न्हाणीघरातून किंचाळल्या. बेसिनमध्ये काहीतरी पडलं होतं. मी बोटाच्या टोकावर उचललं: बारीक, कडक लेन्स. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या दुसऱ्या डोळ्यासाठी दिली होती तशीच.

"कुणाला बोलू नकोस हं," त्या कुजबुजल्या. "लग्नाआधीपासून आहे. आईने शपथ घातली होती."

"बरं," मी म्हटलं आणि लेन्स त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या दिवशी जपाला बसले, पण मणी नुसते सरकत राहिले. देवाकडे मी जे मागत होते ते मागायचं नसतं, हे मला कळत होतं. तरी मागितलं.

त्यांची मुलगी सारखे डोळे चोळते, हे मी बघून ठेवलं होतं. गप्प बसले असते तर फिट्टंफाट झाली असती. तो विचारही मी दोन दिवस जिभेवर साखरेसारखा घोळवला. मग वन्सं आपल्या घरी परतल्यावर भाचीला फोन केला. "मामीबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चल. आईलाही घेऊन ये."

"तिचं लग्न ठरतंय!" वन्सं दवाखान्याच्या दारात दातओठ खात म्हणाल्या. "आणि एवढ्या बारीक मुलीला काय होणार आहे?"

भाचीने यंत्रावर हनुवटी टेकली. पडद्यावर रंगीत नकाशा उमटला, मध्ये लाल डाग.

"सुरुवात आहे. थांबवता येईल," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं त्यांना वाटलं. मी पदर नीट केला. माझी लेक शेजारी बसली होती; तिच्यासमोर ते त्यांच्याच तोंडून निघायला हवं होतं. भाची म्हणाली, "आई, बोल ना."

"मला," वन्सं म्हणाल्या.

"मग तुमचेही बघू. लेन्स काढा."

लेक आत्याकडे बघत राहिली, एका डोळ्याने. मी हळूच म्हटलं, "वन्सं, तुम्ही तर किती सडपातळ!"

तपासणी झाल्यावर, डोळे चुरचुरतात म्हणून, वन्संनी लेन्स परत घातल्या नाहीत. जिन्याशी येऊन त्या थबकल्या, पायाने पायरी चाचपू लागल्या. "वहिनी, हात दे गं."

मी ऐकलं आणि उतरत राहिले. खाली पोचून वर पाहिलं. माझ्या लेकीने त्यांचा हात धरला होता आणि "आत्या, आता डावा पाय," असं म्हणत ती त्यांना सावकाश खाली आणत होती.

मला तिचाही राग आला.