वाको अजून बोलत नाही

वाको तीन वर्षांचा व्हायला आला तरी त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. हसायचा, रडायचा, भूक लागली की आईचा हात धरून तिला चुलीपाशी न्यायचा. त्याच्या बरोबरीची पोरं आता मोठ्यांना उलट उत्तरं द्यायला लागली होती.

नळावर बायका त्याच्या आईला, नायगागाला, विचारायच्या. एक जण म्हणाली, "शब्द साठवतोय गं तो. लग्नात एकदमच भाषण करील." सगळ्या हसल्या. नायगागाही हसली आणि घरी येऊन रताळी सोलताना रडली.

तिची सासू मुतेसी तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची की सूनच घुमी, मग पोर शिकणार कुणाकडून? नायगागाने ते मनाला लावून घेतलं. धुणं धुताना, केळी सोलताना ती वाकोशी अखंड बोलू लागली. तो तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा. पण ती पाठमोरी झाली की आपल्या खेळात रमायचा. मग किती हाका मारा, मान वळायची नाही.

वाकोला लस टोचायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं, जिंजा शहरात मोठ्या दवाखान्यात कान तपासून घ्या. नवरा बालिकोवा ऐकेचना. तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. मीसुद्धा उशिराच बोललो, आमच्यात पोरं उशिराच बोलतात, एवढंच तो म्हणायचा आणि उठून जायचा. मुतेसीही अशा वेळी गप्प बसायची.

ऊसतोडीच्या दिवसांत एकदा बालिकोवा भरलेली गाडी घेऊन घरावरून चालला होता. रस्त्याच्या मधोमध वाको काडीने मातीत रेघोट्या ओढत बसला होता, रस्त्याकडे पाठ करून. बालिकोवाने भोंगा वाजवला, वाजवतच राहिला. लोक दारात आले, कुत्री पळाली. वाको हलला नाही. गाडी कशीबशी थांबवून बालिकोवा खाली उतरला आणि पोराच्या समोर जाऊन उभा राहिला. तेव्हा वाकोने वर पाहिलं आणि बापाला बघून हात वर केले.

पोराला कडेवर घेऊन तो अंगणात आला. नायगागा धावत बाहेर आली. तो म्हणाला, "माझा थोरला भाऊ होता, मुगोया. त्याला ऐकू यायचं नाही. असाच रस्त्यावर गाडीखाली गेला. लोक म्हणाले, आम्ही हाका मारल्या होत्या."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तपासलंच नाही तर खरं होणार नाही, असं वाटायचं."

त्याच आठवड्यात दोघं वाकोला घेऊन जिंजाला गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाच्या यंत्राने फारसा फरक पडणार नाही, बोलणं येईलच असं नाही. पण हातांची भाषा शिकेल, आणि ती आत्तापासूनच शिकवा. यात आईचा दोष नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. परतीच्या वाटेवर नायगागा वाकोच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

घरी येऊन बालिकोवाने आईला सगळं सांगितलं. मुतेसी चटईवर शेंगदाणे निवडत होती. ती मान खाली घालून निवडतच राहिली. थोड्या वेळाने वाको तिच्या सुपापाशी येऊन हात घालू लागला, तशी तिने त्याचा हात धरला. त्याच्या डोळ्यांसमोर तिने अंगठा बोटांवर चोळला आणि रिकाम्या तळहातावर फुंकर मारली, सालं उडवावीत तशी. पुन्हा एकदा तसंच केलं. वाको बघत राहिला. मग त्याने आपला इवलासा अंगठा चोळला आणि गाल फुगवून फुंकर मारली.

मुतेसीने त्याची मूठ शेंगदाण्यांनी भरली.

"मुगोयाची खूण आहे ही," बालिकोवा म्हणाला.

मुतेसी सुनेकडे वळली. "ये पोरी, बस इथं. पाण्याची खूण वेगळी होती. तीही दाखवते." नायगागा तिच्या शेजारी बसली. माफी कुणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी वाको बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागला. बोलणं त्याला आलं नाही. तिथल्या खुणा निराळ्या होत्या आणि मुतेसीला त्या मुळीच पसंत नव्हत्या. तरी शाळा सुटली की ती नातवाला समोर बसवून त्या शिकायची आणि चुकली की त्याच्याकडून हातावर चापटी खायची.