ताणबाई

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. उंच स्टुलावर आठ तास बसायचं, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. कॉल आला की दोरीची पिन हव्या त्या भोकात खुपसायची. वरची ओळ गाठताना माझा उजवा खांदा पार कानाला लागायचा.

आमच्या सुपरवायझर बाई छडीसारख्या सरळ. दर तासाला दोघीदोघींना उठवत, स्टुलामागे उभं करत आणि स्वतः मोठ्यानं आकडे मोजत मान, खांदे, मनगटं, पोटऱ्या ताणायला लावत. आम्ही त्यांचं नाव ताणबाई ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. माझी वेळ आली की मी हटकून लाइनवर बोलत असल्याचं सोंग आणायचे.

दीडेक वर्षानं एका सकाळी मान जी धरली ती वळेचना. शेजारणीकडे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे.

"म्हणा आता, सांगत होते तुला म्हणून," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"त्यानं मान सुटणार असेल तर म्हणते," ताणबाई म्हणाल्या. मला विश्रांतीच्या खोलीत नेऊन त्यांनी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल खांद्यांवर टाकला. "हळू. ताणायचं, तोडायचं नाही. दुखलं की थांब. आणि श्वास कोंडू नकोस."

तिथेच त्यांनी बहिणीचं सांगितलं. थोरली बहीण याच बोर्डावर बसायची. पस्तिशीतच तिचा हात खांद्याच्या वर जाईना. नोकरी सुटली.

"ड्यूटीवर यायच्या आधी मी तिची वेणी घालते," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्या मागे लागते. दुसरं काही नाही."

मान सुटायला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी एकदाही ताणणं चुकवलं नाही. उलट कुणी टंगळमंगळ केली, तर तिला स्टुलावरून उठवणारी मीच असायचे.

पुढे नंबर आपोआप लागायला लागले, बोर्ड उतरवले, आम्ही चहूकडे पांगलो. तापलेल्या तारांचा तो वास आणि बाराजणींची एकदम चाललेली कुजबुज मला अजून आठवते.

गेल्या वर्षी पत्ता काढत त्यांच्याकडे गेले. मी त्र्याहत्तर, त्या नव्वदीला टेकलेल्या. वरच्या फळीवरचा डबा काढायला सून उठली, तर "बस गं" म्हणत त्यांनी टाचा उचलून तो स्वतःच काढला.

"मान कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी दोन्हीकडे वळवून दाखवली.

चहाला उकळी येईपर्यंत आम्ही खुर्च्यांच्या पाठी धरून उभ्या राहिलो. मोजणी अर्थात त्यांचीच. आठानंतर त्या एकदम बारावर गेल्या. सून हसली, मी नाही.

आता दर गुरुवारी जाते. सूनही आमच्यात उभी राहते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून तिचेही खांदे आखडलेत.