ओढलेले पडदे

टाकीतलं शेवाळ वीबे घासून घासून दमला, तरी पाणी पुन्हा हिरवंगार. आत गोल्डफिश आहेत की पालकाची भाजी, कळेना. मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "अहो, ऊन अडवा."

बायको फेम्के लीवार्डनला बहिणीकडे गेली होती. वीबेनं रस्त्याकडच्या खिडकीचे पडदे भरदिवसा ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण ग्रीत्ये काळा कोट घालून, फुलं घेऊन दारात उभी. "फार त्रास झाला का रे?"

"झाला ना. रोज घासत होतो," वीबे गोंधळून म्हणाला.

ग्रीत्येनं डोळे पुसले. "फेम्के शेवटचं काही बोलली?"

"आत्ताच फोनवर म्हणाली, बटाटे आणून ठेव."

ग्रीत्ये मटकन पायरीवर बसली. "मग घरात मयत नसताना पडदे कशाला ओढलेस, मेल्या?"