तीनशे चाळिसावी ओळ

दाबमापकाचा काटा थरथरत होता, आणि त्याच्या थरथरण्याबद्दल मनीची काही तक्रार नव्हती. कॉम्प्रेसर चालू असला की त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर काटा किंचित हलतोच. न हलणाऱ्या काट्याचाच संशय घ्यायचा असतो. पण हा काटा चुकीच्या जागी थरथरत होता. काचेवर फार पूर्वी कुणीतरी तांबड्या रंगाने बारीक रेघ ओढलेली होती आणि काटा त्या रेघेच्या केसभर पलीकडे होता. मनीने मान डावीकडे झुकवून पाहिलं, मग उजवीकडे. तिरक्या नजरेने पाहिलं तर केसभराची फसगत होऊ शकते. इथे फसगत नव्हती.

"दादा, हा रेघेपुढे गेलाय."

"म्हातारा झालाय तो," दादा म्हणाला. "आपल्यासारखाच. चल, तुला खरी गंमत दाखवतो."

मनीने पन्नाशी ओलांडली होती. मोजमापाची उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. भावाकडे आली की मात्र ती मनीच. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. फळांच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं तो उमेदीच्या काळापासून सांभाळत आला होता, आणि यंत्रांची नाडी ओळखतो म्हणून तिथले लोक त्याला डॉक्टर म्हणत.

यंत्रघराच्या कोपऱ्यात काचेची छोटी खोली होती. तिथे टेबलावर, एका लहान टीव्हीसमोर, एक जुना संगणक बसला होता. मळकट पांढरा, जाडजूड, कळफलक आणि संगणक एकाच डब्यात. शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर. मनीला हसू फुटलं. अगदी तस्साच त्यांच्या लहानपणी घरी होता.

तो घरी आला तेव्हा त्याला स्वतःचा पडदासुद्धा नव्हता. घरातल्या एकुलत्या एक टीव्हीला जोडावा लागे. म्हणजे आईची मालिका संपेपर्यंत दोघं भावंडं दारात ताटकळत, आणि मालिका संपली की आई उठायच्या आत दादा वायर खुपसून मोकळा. मासिकांत छापलेले प्रोग्राम मनी मोठ्याने वाचायची आणि दादा टाइप करायचा. स्वल्पविरामसुद्धा वाचावे लागत. एखादा राहिला की तासाभराची मेहनत पाण्यात, आणि मग कुणी खाल्ला स्वल्पविराम यावरून मारामारी. प्रोग्राम साठवलेली कॅसेट लावली की असा काही कर्कश आवाज यायचा की आत्या म्हणायची, मेलं मांजराला कोणी पिळतंय का आत.

पुढे त्यांनी स्वतःचाच एक खेळ लिहिला. त्याचं नाव भुयार. एक चौकोनी ठिपका, म्हणजे त्यांचा वीर, भुयारात उतरत जायचा. बाराव्या पायरीच्या खाली गेला की प्रत्येक खेपेला एक गुण.

त्या यंत्रावर प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे. शहाणी माणसं दहा, वीस, तीस असे क्रमांक देत, म्हणजे मध्ये काही सुचलं तर जागा राहते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागे. एकच क्रमांक दुसऱ्यांदा दिला, तर जुनी ओळ पुसली जाऊन नवी तिच्या जागी बसे. यंत्र विचारत नसे, बजावत नसे, चकार शब्द काढत नसे. एका संध्याकाळी मनीने अशीच भुयाराची अख्खी छप्परं उडवली होती आणि दोन दिवस दादाशी बोलली नव्हती, जणू चूक त्याचीच.

"अजून हाच चालवतो सगळं?" तिने विचारलं.

दादाची छाती फुगली. दाब, तापमान, पंखे, सगळं हाच बघतो म्हणाला. पूर्वी कॉम्प्रेसरवर दाबाचं एक साधं बटण होतं. दाब वाढला की आपोआप यंत्र बंद पाडायचं. ते ऊठसूट, विनाकारण बंद पाडायचं, म्हणून त्याने ते कधीच काढून टाकलं. आता दाब रेघेला टेकला की प्रोग्रामच यंत्र थांबवतो. डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो बिचारा.

मनीने काचेतून बाहेर पाहिलं. काटा रेघेपलीकडेच होता. यंत्र चालूच होतं. यंत्राच्या जाड नळ्यांमधून विषारी अमोनिया फिरत होता, आणि भिंतीपलीकडच्या थंड खोल्यांत बायका फळं निवडत होत्या. त्यांच्या हसण्याचा आवाज मधूनच यायचा.

"मग आत्ता का नाही थांबवलं?"

"सांगितलं ना, काटा म्हातारा झालाय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "मने, आईची मालिका संपली की आपण भुयार लावू."

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दादाच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मनी नुसतं हं म्हणाली. घरी परतताना तिने स्वतःला समजावलं की जुन्या दाबमापकात तेवढी चूक असू शकते. असू शकते हे खरं होतं. ती रोज पाहायची ते मात्र असं, की काटे म्हातारे झाले की बहुधा कमी दाखवतात.

संध्याकाळी वहिनी भाजी निवडत होती आणि निवडलेली पानं पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती. मनी शेजारी बसली. वहिनीने आपणहून विषय काढला. गेल्या महिन्यात दादा कामावरून निघाला तो थेट जुन्या घरी पोचला, तिथल्या अनोळखी बाईला म्हणाला, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात काय करताय. त्या बाईने चहा पाजून फोन केला, भली होती. मग वहिनी उगाच हसली. दर वेळी हसून वेळ मारून नेते, असं तिनेच कबूल केलं. कामावर मात्र तो ठीक असतो, तिथे हातचा मळ आहे सगळा, असंही ती म्हणाली, आणि हे वाक्य तिने इतक्या घाईने म्हटलं की तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नसावा.

"तू सांग ना त्यांना," वहिनी म्हणाली. "माझं ऐकून घेतात आणि सोडून देतात. तुझं ऐकतात."

मनीलाही हे वर्षभर कळत होतं. फोनवर दादा एकच हकिगत दोनदा सांगायचा, आणि ती दुसऱ्यांदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची. प्रत्येक वेळी ठरवायची, की भेटले की सांगेन: आता काम सोड. भेट झाली की तो इतका आनंदात असायचा की तिच्या तोंडात मिठाची गुळणी. ज्याने तिला विचार करायला शिकवलं, त्यालाच कसं सांगायचं की आता तुझ्या विचारावर कुणी विसंबू नये.

"सांगते," ती म्हणाली. "उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी दादा डबा विसरून गेला. तो घेऊन मनी दुपारी तिथे पोचली. ऊन भयंकर होतं आणि अमोनिया निववणाऱ्या गच्चीवरच्या पंख्यांपैकी एक बंद पडलेला तिला रस्त्यावरूनच दिसला. फाटकापाशी व्यवस्थापक भेटला, तरणा, गोड बोलणारा. पंखेवाला संध्याकाळी येतोय म्हणाला. नवी यंत्रणा बसवा म्हणून विक्रेते मागे लागलेत, पण डॉक्टर आहेत तोवर मालक ऐकत नाहीत, असंही त्याने कौतुकाने सांगितलं. "कसली काळजीच नाही, ताई."

यंत्रघरात शिरताच तिने आधी काटा पाहिला. आज केसभर नव्हतं. काटा रेघेपासून चांगला बोटभर पुढे होता, आणि त्याची थरथर मोठी झाली होती. हवेत एक तिखट वास होता, इतका अस्पष्ट की तो खरा आहे की भीतीचा, हे तिला ठरवता येईना.

दादा काचेच्या खोलीत पाठमोरा बसला होता. तिने डबा ठेवला आणि शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, की तुझा प्रोग्राम बघू दे ना, किती वर्षं झाली, मला एक ओळ तरी कळते का बघते. तो खुलला. त्याने चालता प्रोग्राम थांबवला आणि यादी मागवली. ओळी पडद्यावर खालून वर सरकू लागल्या. त्याची धाटणी तीच होती: दहादहाचे क्रमांक, आणि अक्षरंसुद्धा लहानपणापासूनची. जे मोजायचं त्याला तो नेहमी पी म्हणायचा. भुयारात वीर किती पायऱ्या उतरला तो पी. इथे नळीतला दाब तोही पी.

"दाब कुठे तपासतोस?"

"तीनशे चाळीस," तो क्षणात म्हणाला. "सोळाच्या वर गेला की थेट नऊशेव्या ओळीवर, यंत्र बंद. झोपेत विचारलंस तरी सांगेन."

मनीने तीनशे चाळिसावी ओळ शोधली. तिथे सोळा नव्हते. नऊशेही नव्हते. तिथे लिहिलं होतं की पी बाराच्या वर गेला तर गुणांत एक मिळवा.

ती ओळ तिला पाठ होती. तिच्यासमोर, तिने वाचल्यावर, त्याने पहिल्यांदा ती टाइप केली होती.

ओळ व्याकरणात चोख होती, अक्षरंही जुळत होती, म्हणून यंत्राने काही कुरकुर केली नव्हती. दर काही सेकंदांनी ते दाब वाचत होतं, तो बाराच्या वर असल्याचं पाहत होतं आणि इमानाने एक गुण देत होतं. किती दिवस कोण जाणे. दाब जितका वेळ चढलेला, तितके गुण जास्त.

"दादा, ही ओळ इथे कधी आली?"

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला. "ही? भुयारातली नाही का? मीच लिहिली. तू वाचून दाखवत होतीस, मी टाइप करत होतो. इथेच, आईच्या टीव्हीवर."

"आणि कॅसेट?"

"त्यावरही साठवली. दोन्ही कॅसेटींवर. तूच म्हणालीस ना, नाहीतर परत सगळं जाईल म्हणून."

म्हणजे चांगली प्रत आता कुठेच नव्हती. शिवाय तो प्रोग्राम थांबवून बसला होता, म्हणजे या क्षणी दाबाकडे गुण मोजण्यापुरतंही कुणी पाहत नव्हतं. बाहेर कॉम्प्रेसरचा ठोका जड झाला होता, दम लागलेल्या माणसासारखा. पलीकडे बायकांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या.

ती खोलीतून बाहेर आली. भिंतीवर यंत्र बंद-चालू करायचं मोठं लाल बटण होतं. तिने ते तळहाताने आत दाबलं.

ठोके विरळ होत थांबले. इतकी वर्षं त्या इमारतीत जो आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता, तो गेल्यावर सगळ्यांना ऐकू आला. बायका गप्प झाल्या. व्यवस्थापक धावत आला. त्याची नजर आधी बटणावर गेली, मग मनीवर, मग डॉक्टरांवर. या उन्हात यंत्र बंद राहिलं तर माल सडेल, हे तो जरा तुटकपणे, तरी अदबीने म्हणाला. त्याने मनीला काही विचारलं नाही. विचारलं ते दादाला.

"डॉक्टर, चालू करू ना?"

"करा की," दादा म्हणाला. "हिला काही कळत नाही, लहान आहे अजून. एक ओळ बदलायचीय फक्त. आत्ता करतो."

तो कळफलकासमोर बसला, बाह्या सरसावल्या. तीनशे चाळीस हा आकडा त्याने झरझर टाइप केला. मग त्याची बोटं कळांवर तशीच राहिली. आकड्यापुढे पडद्यावरचा चौकोन लुकलुकत होता. व्यवस्थापक लाल बटणाशी उभा होता, हात बटणावर, डॉक्टरांच्या होकाराची वाट पाहत. काटा रेघेपलीकडून खाली यायला तयार नव्हता.

दादाने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, भीती तर नव्हतीच. होती ती जुनी, लाडिक अधीरता.

"वाच ना, मने. पुढे काय आहे?"

व्यवस्थापकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचा हात बटणावरून अजून निघालेला नव्हता.

मनी दादाच्या खुर्चीशी गेली आणि तिने त्याची बोटं कळफलकावरून उचलून आपल्या हातात घेतली. बोटं गार होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. प्रयोगशाळेत एखादं उपकरण बाद ठरवताना तिचा आवाज असाच सपाट होतो.

"त्या बटणाला हात लावू नका. आधी पलीकडच्या बायकांना बाहेर काढा," ती व्यवस्थापकाला म्हणाली. आणि मग, दादाच्या डोळ्यांत पाहून, "दादा, हे यंत्र आता या प्रोग्रामवर चालणार नाही. आणि उद्यापासून तू इथे कामाला यायचं नाहीस."