दोन बाप्यांचा कोयता

ऊसतोडीला एकटा माणूस चालत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. मुकादम नावं लिहितो तीही जोडीनंच. मी आणि सत्यभामा वीस वर्षं एक कोयता होतो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, ती वारली आणि मी अर्धा कोयता झालो.

गावच्या विहिरीच्या तळाला वाटीनं भरावं एवढंच पाणी राहिलं होतं. बायका दोर धरून खाली उतरायच्या. सत्यभामा खाली असताना कडेचा दगड सुटला आणि तिच्या डोक्यावर पडला. वर काढल्यावर बायकांनी मला तिचं तोंड पाहू दिलं नाही. मी पाय पाहिले.

पंधरा दिवसांनी आमच्या बद्रीचा बारावीचा निकाल लागला. चौऱ्याहत्तर टक्के. तो वीस वर्षांचा होता. मधले दोन हंगाम आमच्याबरोबर तोडीला आला म्हणून मागं पडला होता. सत्यभामेनं त्याला अंबाजोगाईच्या कॉलेजात घालायचं ठरवलं होतं. ती गेली म्हणून मी ते बदलणार नव्हतो, आणि तसं मी त्याला सांगितलंही होतं. त्यानं अर्ज भरला, यादीत नाव लागलं. जुलैच्या अकरा तारखेला कागद घेऊन स्वतः हजर राहायचं होतं. नाही राहिला तर जागा दुसऱ्याला.

जूनमध्ये आप्पाराव माझ्याकडं आला. सोसायटीनं गावाबाहेर माळावर चारा छावणी काढली होती आणि माझे दोन बैल तिथं होते. आप्पाराव सोसायटीचा संचालक, आणि आमचा मुकादमही तोच. म्हणजे बैलांचा चारा त्याच्या हातात आणि दसऱ्यानंतरचं आमचं कामही त्याच्याच हातात.

"गैनीनाथ, यंदा तुझं कसं?" तो म्हणाला. "अर्धा कोयता घेऊन मी काय करू?"

"बघू कायतरी, आप्पा."

"बघायचं काय त्यात? पोराचं लगीन लाव. माझ्या मेव्हण्याची पोरगी हाय, कामाला वाघीन. दसऱ्याला जोडी तयार."

"पोरगं अंबाजोगाईला चाललंय."

"अंबाजोगाईला जाऊन काय डाक्टर व्हनार हाय का? तोडीला चल म्हनाव."

मी बद्रीला विचारतो म्हणालो. तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण बैल त्याच्या दावणीला होते.

घरी येऊन बद्रीला सांगितलं. तो भाकरी खात होता. हातातला तुकडा त्यानं ताटलीत ठेवला.

"मला पोरगी नको."

"ही नको तर दुसरी बघू. शिकून झाल्यावर बघू."

"कोनतीच नको, आबा. मायला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?"

"मी अन् त्रिंबक."

त्रिंबक आमच्याच गल्लीतला, बद्रीहून वर्षानं मोठा. ते दोन हंगाम दोघं तोडीला होते तेव्हा दोघंही बिनलग्नाचे, म्हणून मीच आप्पारावला सांगून त्यांचा एक कोयता लावला होता. एका कोयत्याला एक कोपी मिळते, म्हणजे बांबू आणि पाचटाची झोपडी. दोन बाप्यांचा कोयता असला की फडात सगळे एकच विचारतात, "नवरा कोन बे, अन् बायकू कोन?" ती दोघं खाली मान घालून ऊस तोडत राहायची. मी हसायचो. एकदा मी स्वतःच विचारलं होतं.

मी खुंटीवरचा बैलाचा कासरा काढला आणि बद्रीला मारलं. पाठीवर, मांड्यांवर, जिथं लागेल तिथं. त्यानं हात वर केला नाही. तो माझ्याहून अंगानं मोठा होता, त्यानं ढकललं असतं तर मी पडलो असतो. माझा हात दुखायला लागल्यावर मी थांबलो. पोराचं जे होतं ते होतंच, पण सत्यभामेला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नाही, याचा राग जास्त होता. वीस वर्षं एका कोपीत झोपलो आम्ही. तिला विचारायला ती नव्हती, म्हणून मी त्याला मारत होतो.

दुसऱ्या आठवड्यात आप्पारावनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, पोरगं नाही म्हणतंय.

"कावून? आमच्या पोरीत काय खोट हाय?"

"पोरीत खोट न्हाई, आप्पा. त्याला कोनतीच नको."

एवढंच बोललो. पोरीला दोष लागू नये म्हणून बोललो. आप्पारावनं तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं. त्या दोघांची कोपी त्याच्याच टोळीत होती. त्याला दुसरं काही सांगायची गरज पडली नाही.

जुलैच्या नऊ तारखेला, दुपारी, त्याच्या मेव्हण्यानं आणि आणखी तिघांनी बद्रीला आणि त्रिंबकला बंद पडलेल्या दूध डेअरीत धरलं. दुष्काळात दूध नव्हतं, डेअरीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. दोघं भिंतीला टेकून बसले होते, बद्रीचं डोकं त्रिंबकच्या खांद्यावर होतं. एवढंच. तिथून त्यांना मारत छावणीत आणलं. मी बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकत होतो. त्रिंबकचे पुढचे दोन दात पडलेले होते. बद्रीचा सदरा गळ्यापासून फाटला होता आणि कासऱ्याचे माझे वळ सगळ्यांना दिसत होते.

"बघा, बापानं आधीच इस्त्री केलीय," कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

आप्पाराव हसला नाही. "असल्या पोराचं स्थळ मी माझ्या मेव्हण्याला सांगितलं," तो म्हणाला. "माझं नाक गेलं, गैनीनाथ. आता तू मार. न्हाईतर आमी मारतो. आमी मारलं तर उठनार न्हाई."

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या हातात दिला.

मी मारलं तर पोरगं जगेल, असं मी मनाला सांगितलं. पहिल्या दोन फटक्यांपर्यंत ते खरं होतं. त्यानंतर मी खरंच मारत होतो. चाळीस-पन्नास माणसं बघत होती, दावणीची जनावरं बुजून ओढत होती, आणि मला वाटत होतं की सगळं ह्याच्यामुळं झालं, दुष्काळसुद्धा. बद्रीनं डोक्यावर उजवा हात धरला. दांडा बोटांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला दांड्यातून कळला.

"काका, हात!" त्रिंबक ओरडला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. "त्याला सह्या करायच्यात! परवा सह्या करायच्यात त्याला!"

त्यावर मी दांडा टाकला. त्रिंबकच्या पोटात कोणीतरी लाथ घातली.

"कसल्या सह्या?" आप्पाराव म्हणाला. "कुटं जायचं न्हाई आता. दसऱ्यापर्यंत घरात ठिवा, मग त्याच पोरीशी लगीन, तवाच माझं नाक ऱ्हाईल. पोरगी सरळ करंल त्याला."

घरी नेऊन मी बद्रीच्या बोटांना बांबूच्या दोन कांब्या बांधल्या. तो माझ्याकडं पाहत नव्हता. दहा तारखेला आमच्या घरासमोर आप्पारावची माणसं बसून होती. बैलांचा चारा बंद झाला. त्याच दिवशी मी बैल शेजारच्या म्हाळूच्या हवाली केले. आता आप्पारावच्या हातात माझं काही उरलं नव्हतं.

अकरा तारखेला पहाट सरताना मी सत्यभामेचा वाढं छाटायचा कोयता घेतला, तिच्या हाताचा होता, मुठीला चिंधी गुंडाळलेला. बद्रीची पिशवी खांद्याला लावली. बसलेली माणसं चहाला गेली होती.

"चल," मी म्हणालो.

"कुटं?"

"अंबाजोगाईला. आज अकरा तारीख हाय."

नांदूरघाटच्या फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो. उन्हं वर आली होती. बस दिसायच्या आधी मोटारसायकल दिसली. मेव्हणा होता आणि मागं आणखी एकजण.

"गैन्या, पोराला माघारी घे."

"तुमी मागं व्हा."

"बापानं लावलेली जोडी हाय बे ही," मेव्हणा मागच्याला म्हणाला. "नवरा-नवरी दोनी ह्यानंच निवडले." आणि त्यानं बद्रीचा बांधलेला हात धरून पिरगाळला.

बद्री किंचाळला. दोन्ही वेळा मी मारलं तेव्हा तो किंचाळला नव्हता.

ऊस बुडाशी तोडतात. तोडणारा वाकूनच मारतो, वीस वर्षांत दुसरी सवय लागत नाही. मी वाकलो आणि मेव्हण्याच्या नडगीवर कोयता घातला. तो धरणीवर बसला आणि आईला हाका मारायला लागला. रक्त चपलेत भरून बाहेर आलं. दुसऱ्यानं दगड उचलून माझ्या कपाळावर मारला. माझा एक डोळा रक्तानं मिटला. मी कोयता वर करून त्याच्याकडं चालत गेलो, तसा तो रानात पळाला.

बस आली. कंडक्टर दारातून आमच्याकडं बघून आत सरकला. बद्रीनं डाव्या हातानं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"सही कशी करशील? मी येतो संगं," मी म्हणालो.

"डाव्या हातानं करीन. तुमी येऊ नका."

"बद्री..."

"येऊ नका, आबा. इतून पुढं येऊ नका."

तो चढला. रस्त्याच्या या बाजूच्या खिडक्या रिकाम्या होत्या, तो पलीकडच्या बाजूला बसला. बस गेल्यावर मी मेव्हण्याच्या पायाला माझ्याच पागोट्यानं आवळून बांधलं. तो मला शिव्या देत होता, मी बांधत होतो. मग पोलीस येईपर्यंत तिथंच बसलो.

मला कोठडी झाली, नंतर जामीन. खटला चालू आहे. मेव्हणा लंगडतो.

दसऱ्याच्या आधी त्रिंबक दारात आला. त्याला घरातून काढलं होतं, तो नातेवाइकांच्या गोठ्यात राहत होता. पुढचे दात नसल्यामुळं त्याचं बोलणं हवेत जात होतं.

"आष्टीचा एक मुकादम हाय, काका. त्याला आपलं कायबी म्हाईत न्हाई. तुमी अर्धे, मी अर्धा."

मी त्याला आत घेतलं. त्याला मारलेल्या लाथा मी बघत उभा होतो. तरी तो माझ्याकडंच आला, कारण अर्धा कोयता कुठंच चालत नाही.

कर्नाटकाच्या बाजूला फड लागला. पहिल्याच दिवशी पलीकडच्या सरीतून एकजण ओरडला, "ओ म्हातारबा, नवरा कोन तुमच्यात, अन् बायकू कोन?"

त्रिंबकची कोयत्यावरची मूठ आवळलेली मी पाहिली. तो त्या सरीकडं वळत होता.

"बायकू मी," मी म्हणालो. "मोळ्या मी बांधतो."

लोक हसले. त्रिंबक तोडायला लागला.

मोळ्या मीच बांधतो. वाढ्याच्या दोरानं पंजा चिरतो, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. मान दिवसभर जळते. फळीवरून चढताना खालची माणसं चेष्टा करतात आणि वर बघता येत नाही. सत्यभामा कधी काही बोलली नाही, किंवा बोलली असेल.

रविवारी दुपारी बद्री त्रिंबकला फोन करतो. त्रिंबक बांधावर जाऊन बोलतो. मी जवळ जात नाही.

परवा तो परत आल्यावर मी विचारलं, "हात कसा हाय?"

"करंगळी वळत न्हाई. पन लिव्हतोय आता उजव्यानं. होस्टेलात खोली मिळाली."

"माझं काय विचारलं?"

"मोळी कोन बांधतंय, म्हनाला."

"तू काय सांगितलं?"

"तुमी बांधता, म्हनलं."

"मग?"

"मग काय न्हाई बोलला. पन फोन बी ठिवला न्हाई लवकर."

तेवढ्यात ट्रक आला. त्रिंबकनं फोन खिशात घातला आणि खालून मोळी उचलायला वाकला. मी सत्यभामेची चुंबळ डोक्यावर ठेवली.